बाळ एनआयसीयूत असताना: इन्फेक्शन, हात धुणं आणि आमचे अडीच महिने

जुलै २०२४ च्या मध्यात, एकोणतिसावा आठवडा चालू असताना माझं पाणी गेलं आणि दोन दिवसांनी मुलगी झाली, वजन ११५० ग्रॅम. सप्टेंबर संपता संपता आम्ही तिला घरी आणलं. आता ती छान आहे, म्हणून हे सगळं शांतपणे लिहिता येतंय. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, बाळ असलं की श्वास, वजन, दूध याबद्दल सगळेच सांगतात, पण रोज कानावर पडणारा शब्द म्हणजे इन्फेक्शन, आणि त्यात आईबापांनी नेमकं करायचं काय हे मला तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं, कधी सिस्टरकडून, कधी शेजारच्या बाळाच्या आईकडून. ते एका जागी असावं म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, औषधांचे निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच.

पाणी गेलं म्हणजे बाळाभोवतीची पिशवी फुटली, आणि ती फुटली की खालच्या जंतूंना वर चढायला वाट मोकळी होते, हे ॲडमिट झाल्या झाल्याच सांगितलं. मला लगेच अँटिबायोटिक चालू केलं, बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली, आणि आतून तपासणी अगदी गरज असेल तेव्हाच करायची असं ठरलं, कारण प्रत्येक तपासणीबरोबर जंतू आत जायची शक्यता वाढते. माझा ताप आणि नाडी सारखी बघत होते. तेव्हा वाटत होतं हे सगळं माझ्यासाठी चाललंय, नंतर लक्षात आलं की बाळाला इन्फेक्शनपासून जपायचं काम तिच्या जन्माआधीच सुरू झालं होतं.

डिलिव्हरी झाल्यावर तिला क्षणभर दाखवलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन गेले. ती पिशवी बघून माझ्या आईला रडूच आलं. ती उबेसाठी असते, एवढ्याशा बाळाचं अंग पटकन गार पडतं आणि गार पडलेलं बाळ सगळ्याच बाबतीत मागे पडतं. कोणी आधी सांगितलं असतं तर आई एवढी घाबरली नसती, म्हणून इथे लिहून ठेवतेय.

त्या रात्री मी वॉर्डात पडून होते आणि फॉर्मवर सह्या नवऱ्याने केल्या. ॲडमिशनचा, बेंबीतून नळी घालायचा, गरज पडल्यास रक्त द्यायचा, व्हेंटिलेटरचा, आणि माझं दूध पुरेसं नसेल तर डोनर मिल्क द्यायचा, हा शेवटचा फॉर्म बघून तो गोंधळला होता. डोनर मिल्क म्हणजे मिल्क बँकेतलं, तपासलेल्या आयांचं, ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास पाश्चराइज केलेलं दूध असतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. बाळाचं नाव ठरलेलं नसतं म्हणून सगळीकडे 'बेबी ऑफ' आणि आईचं नाव लागतं, मनगटाच्या पट्टीवर, फाइलवर, दुधाच्या बाटलीवर, रक्ताच्या नळीवर. त्या पट्टीवरचं स्पेलिंग आणि नंबर पहिल्याच दिवशी नीट वाचून घ्या, पुढे इन्शुरन्सच्या वेळी एकेक अक्षर आडवं येतं. आणि फॉर्मवर सही करताना एवढं तरी विचारा, की ही नळी कशासाठी आणि ती साधारण कधी काढणार. हा प्रश्न पुढे किती महत्त्वाचा ठरला ते सांगतेच.

दुसऱ्या दिवशी व्हीलचेअरवरून मला एनआयसीयूच्या दाराशी नेलं आणि आत जायच्या आधी बेसिनपाशी थांबवलं. अंगठी, घड्याळ, बांगड्या, सगळं काढायचं, बाह्या कोपराच्या वर, नखं कापलेली, नेलपॉलिश नको आणि खोटी नखं तर अजिबातच नकोत. हे जरा जास्तच होतंय असं वाटू शकतं, पण १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीतल्या एका एनआयसीयूत स्यूडोमोनास नावाच्या जंतूची लांबलेली साथ आली होती आणि तपासात कर्मचाऱ्यांच्या लांब आणि खोट्या नखांशी तिचा संबंध असावा असं दिसलं होतं. अंगठीखाली, नखाखाली ओल राहते, तिथे साबण पोचतच नाही.

मग हात धुणं. सिस्टरनी माझ्याबरोबर स्वतः धुवून दाखवलं: तळवे, हातांच्या मागच्या बाजू, बोटांच्या फटी, मुठी, अंगठे, नखांची टोकं, मनगट. साबणाने धुवायला एकूण ४० ते ६० सेकंद लागतात, अल्कोहोलचं हँड रब असेल तर २० ते ३० सेकंद, पण हात दिसायला मळलेले असतील किंवा डायपर बदलला असेल तर रब चालत नाही, साबणच. बहुतेक लोकांचे अंगठे आणि बोटांची टोकं राहून जातात, आणि आपण बाळाला हात लावतो तो नेमका टोकांनीच. धुतल्यावर कागदाने पुसायचं, त्याच कागदाने नळ बंद करायचा, आणि मग ओढणी, केस, चष्मा, मास्क कशालाही हात लावायचा नाही, लावला तर परत रब. आमच्याकडे गाऊनही होता, पण डॉक्टर मॅडम म्हणाल्या की भेटायला येणाऱ्यांनी गाऊन घातल्याने इन्फेक्शन कमी होतं असा पुरावा नाही, फरक हातांनी पडतो. हे ऐकून मला हायसं वाटलं, कारण गाऊनची नाडी बांधण्यात माझा अर्धा जीव जायचा आणि टाक्यांवर ताण यायचा.

मोबाइल ही मोठी गोष्ट आहे. आपण तो कुठेही ठेवतो, कुठल्याही हाताने धरतो, आणि मग धुतलेल्या हाताने बाळाचा फोटो काढून तोच हात बाळाच्या काचेच्या पेटीत, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये घालतो. आम्ही मोबाइल बाहेरच ठेवायला लागलो. फोटो काढायचाच असेल तर आत जाताना काढून घ्यायचा, मग हात रब करून बाळाकडे.

पेटीत ती पहिल्यांदा नीट बघितली तेव्हा तिची कातडी इतकी पातळ होती की खालच्या शिरा दिसत होत्या. मॅडमनी तेव्हाच समजावलं की आईकडून बाळाला मिळणाऱ्या अँटिबॉडीज मुख्यतः शेवटच्या तिमाहीत जातात, ही मुलं त्याआधीच बाहेर आलेली असतात, कातडी पिकलेली नसते, आतड्यात चांगले जंतू अजून वसलेले नसतात आणि वर अंगाला नळ्या लागलेल्या. पहिल्या ७२ तासांतलं इन्फेक्शन बहुतेक वेळा आईकडून आलेलं असतं, त्यानंतरचं बहुतेक वेळा आजूबाजूचं, म्हणजे हातांमधून, नळ्यांमधून, ओल्या जागांमधून. ही विभागणी डोक्यात बसली आणि मग बाकीचं सगळं समजायला सोपं गेलं.

माझं पाणी आधी गेलेलं असल्यामुळे जन्मल्याबरोबर तिचं ब्लड कल्चर घेऊन अँटिबायोटिक सुरू केलं होतं. कल्चर म्हणजे तिच्या रक्तातले जंतू वाढतात का ते बाटलीत ठेवून बघायचं. खरे जंतू असले तर बहुतेक वेळा ४८ तासांच्या आत कळतं, फायनल रिपोर्ट मात्र पाच दिवसांनी येतो. हे ४८ तास फार वाईट जातात. दर राऊंडला 'कल्चर आलं का' विचारायचं आणि 'अजून काही वाढलेलं नाही' हेच उत्तर, ते चांगलं उत्तर आहे हे समजायलाही मला वेळ लागला. ४८ तासांनी काहीच न वाढल्यामुळे अँटिबायोटिक बंद केलं, तेव्हा मला वाटलं का बंद करताय, चालू राहू द्या ना, तेवढीच सुरक्षितता. त्यावर मॅडम थांबून बोलल्या, की गरज नसताना दिलेलं अँटिबायोटिक आतड्यातले चांगले जंतू मारतं, चिवट जंतूंना जागा करून देतं, आणि खूप दिवस चाललं तर अशा बाळांमध्ये आतडं सडण्याचा आजार, ज्याला एनईसी म्हणतात, त्याचा धोका वाढलेला दिसतो. अँटिबायोटिक वेळेत थांबवणं हाही इन्फेक्शन टाळण्याचाच भाग आहे, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. तुमच्या बाळाचं अँटिबायोटिक थांबवलं तर घाबरू नका, आणि खूप दिवस चालू असेल तर 'कशासाठी चालू आहे' हे नक्की विचारा.

आता दूध. पहिल्या दिवसाचा चीक थेंब थेंब हाताने काढून सिरिंजमध्ये घ्यायचा, तो तिच्या गालांच्या आतून लावायचे. एवढ्याशा थेंबांनी काय होणार असं वाटतं, पण चिकात अँटिबॉडीज भरपूर असतात, आणि आईचं दूध मिळालेल्या कमी दिवसांच्या बाळांना इन्फेक्शन आणि एनईसी दोन्ही कमी होतात. रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी पंप करायचं, दिवसाला साधारण आठ वेळा. पहिला आठवडा फार थोडं यायचं आणि मी रडायचे. बाळाच्या पेटीशेजारी बसून, किंवा नंतर कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून बसणं, झाल्या झाल्या पंप केलं की जास्त येतं, हे शेजारच्या बाळाच्या आईने सांगितलं आणि खरंच तसं झालं.

पण दूध कितीही चांगलं असलं तरी पंप अस्वच्छ असेल तर उपयोग नाही. प्रत्येक वेळी आधी हात, मग पंप. वापरल्यावर सगळे भाग सुटे करून, थेट बेसिनमध्ये न टाकता वेगळ्या स्वच्छ भांड्यात साबणाच्या गरम पाण्याने धुवायचे, आणि ते भांडं दुसऱ्या कशालाच वापरायचं नाही. मग धुतलेल्या जागी उघड्यावर पूर्ण सुकू द्यायचे, फडक्याने पुसायचे नाहीत, आणि दिवसातून एकदा वाफेने निर्जंतुक करायचे. पंपाच्या नळीत ओल दिसली तर तशीच वापरू नका. काढलेलं दूध चार तासांत वापरलं जाणार नसेल तर लगेच फ्रीजमध्ये, तिथे चार दिवसांपर्यंत चालतं, पण एनआयसीयूचे नियम याहून कडक असू शकतात, त्यांचेच पाळा. बाटलीवर नाव, नंबर, तारीख, वेळ. देताना दोन सिस्टर एकमेकींना नाव वाचून दाखवायच्या, म्हणजे एकीचं दूध दुसरीच्या बाळाला जायला नको. फ्रीझरमधून काढून वितळलेलं दूध परत गोठवायचं नाही, २४ तासांत संपवायचं.

साधारण आठवड्याने बेंबीतली नळी काढली, कारण ती जास्त दिवस ठेवली की धोका वाढतो, आणि हातातून पीआयसीसी लाइन घातली, म्हणजे शिरेतून थेट हृदयाजवळपर्यंत जाणारी बारीक नळी. त्यातून पोषणाचं सलाईन जायचं. घालताना आम्हाला बाहेर बसवलं, दारावर बोर्ड लावला, डॉक्टर टोपी-मास्क-निर्जंतुक गाऊन घालून, बाळावर निर्जंतुक कापड पसरून, आणि एक सिस्टर नुसती कागद घेऊन उभी, प्रत्येक टप्प्यावर टिक करत. काही चुकतंय असं वाटलं तर तिला डॉक्टरांना थांबवायचा अधिकार होता. ही चेकलिस्टची पद्धत मी नंतर वाचली, २००६ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या मोठ्यांच्या आयसीयूंचा अभ्यास छापून आला होता, साध्या पाच-सहा गोष्टी प्रत्येक वेळी न चुकता केल्या आणि लाइनमुळे होणारं रक्ताचं इन्फेक्शन प्रचंड कमी झालं. नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही. मला याचं फार वाटलं.

लाइन लागल्यावर माझा रोजचा प्रश्न ठरला: आज लाइनची गरज आहे का? राऊंडमध्ये डॉक्टर स्वतःच हा प्रश्न घ्यायचे, आणि दूध जसं वाढेल तसं सलाईन कमी आणि लाइन काढायची असं गणित असायचं. लाइनला जोडायच्या आधी सिस्टर तिचं तोंड जंतुनाशकाने १५ सेकंद चोळायच्या, मी मनातल्या मनात मोजायचे. ड्रेसिंगची कड उचकटलेली, ओली किंवा रक्ताळलेली दिसली तर लगेच सांगायचं, आपण वेळ असलेली माणसं, आपल्याला ते आधी दिसतं.

याच सुमारास कांगारू केअर सुरू झाली. नातेवाइकांचा विरोध होता, एवढ्या नाजूक बाळाला छातीशी धरलं तर इन्फेक्शन नाही का होणार, काचेच्या पेटीतच बरं. उलटं आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये एडगर रे सानाब्रिया या डॉक्टरांनी इन्क्युबेटर कमी पडत होते आणि इन्फेक्शन जास्त होतं म्हणून बाळांना आईच्या छातीशी ठेवायला सुरुवात केली, तिथून ही पद्धत आली. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतला मोठा अभ्यास आला, बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्यानंतर लगेच कांगारू केअर सुरू केलेल्या गटात पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होते. आईच्या अंगावरचे जंतू बाळाला ओळखीचे होतात आणि वॉर्डातल्या जंतूंना जागा कमी मिळते, शिवाय ऊब, शिवाय दूध वाढतं. मी अंघोळ करून, स्वच्छ पुढून उघडणारा शर्ट घालून बसायचे, क्रीम नाही, अत्तर नाही. नवऱ्यानेही केली. फक्त सर्दी-खोकला, ताप, जुलाब, अंगावर पिकलेला फोड, ओठावर नागिणीसारखे बारीक फोड असतील तर आधी सिस्टरला सांगायचं. ओठांवरचे फोड आपल्याला किरकोळ वाटतात, नवजात बाळाला तो विषाणू जिवावर बेतू शकतो. एकदा नवऱ्याला सर्दी झाली तेव्हा तो काही दिवस दारातूनच दूध देऊन परत जायचा, त्याचे डोळे भरलेले असायचे पण त्याने एकदाही हट्ट केला नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका पहाटे फोन आला. दूध पचत नव्हतं म्हणून मध्ये दोन दिवस वाढवलं नव्हतं, त्यामुळे लाइन अजून होती. रात्रीच्या सिस्टरना तिचा रंग बरोबर वाटला नाही, अंगावर ठिपके-ठिपके, हातपाय गार, आणि श्वास मधेच थांबत होता. मशीन वाजायच्या आधीच त्यांनी डॉक्टरांना बोलावलं होतं. एवढ्या लहान बाळाला इन्फेक्शन झालं की ताप येईलच असं नाही, उलट अंग गार पडतं, बाळ गळून जातं, दूध पोटात तसंच राहतं, हृदयाचे ठोके मंदावतात. आम्ही पोचेपर्यंत कल्चर घेऊन अँटिबायोटिक दिलं होतं आणि सीपॅपवरून, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या मशीनवरून, परत व्हेंटिलेटरवर टाकलं होतं. पहिला सीआरपी, म्हणजे इन्फेक्शन असलं की वाढणारी रक्तातली एक तपासणी, फार वाढलेला नव्हता, मला वाटलं मग काही नाहीये, पण सीआरपी वाढायला सहा ते बारा तास जातात म्हणून तो परत करतात, आणि दुसरा खूप वाढलेला आला. पाठीतलं पाणी काढायची परवानगी मागितली, मेंदूपर्यंत गेलंय का बघायला. त्या फॉर्मवर मीच सही केली, हात थरथरत होता. ऐकायला भयंकर वाटतं पण त्या रिपोर्टवरच औषध किती दिवस द्यायचं ते ठरतं, म्हणून नाही म्हणू नका.

दुसऱ्या दिवशी कल्चरमध्ये जंतू वाढल्याचं कळलं, त्यानंतर नाव आलं, क्लेबसिएला, आणि मग कुठलं औषध लागू पडतं त्याचा रिपोर्ट. तोपर्यंत अंदाजाने चालू असलेलं औषध बदललं. लाइन काढून टाकली. पाठीतलं पाणी स्वच्छ आलं, तेव्हा आम्ही दोघं जिन्यात बसून रडलो. परत कल्चर घेतलं, ते निगेटिव्ह आल्यापासून चौदा दिवस धरले. लाइन नसल्यामुळे औषध हातापायाच्या, डोक्याच्या बारीक शिरांमधून जायचं, ती जागा सुजायची, परत नवीन शीर शोधायची, त्या टोचण्या बघवत नव्हत्या. दूध काही दिवस बंद होतं पण मी पंप चालू ठेवला आणि सगळं गोठवत गेले, पुढे तेच कामी आलं.

तिला कोपऱ्यात वेगळं ठेवलं, स्टेथोस्कोप वेगळा, थर्मामीटर वेगळं, पेटीवर वेगळ्या रंगाचा कागद, आणि शक्यतो एकच सिस्टर तिला बघणार. बाकीचे आईबाप आमच्याकडे वेगळ्या नजरेने बघायचे. ते सोसायला जड गेलं. पण दुसऱ्या बाळांना जपायचा तोच मार्ग आहे, आणि आमच्या मुलीलाही त्यामुळे दुसरं काही लागलं नाही. कोणाच्या बाळाच्या पेटीवर असा कागद दिसला तर त्या आईशी दोन शब्द नेहमीसारखे बोला.

मी मॅडमना सरळ विचारलं, हे आलं कुठून? त्या म्हणाल्या, नक्की सांगता येणार नाही, लाइनमधून असेल किंवा तिच्या आतड्यातून रक्तात उतरलं असेल, पण आम्ही शोधतोय. त्यांनी टाळलं नाही याचं बरं वाटलं. त्यानंतर युनिटमध्ये बेसिनच्या मोऱ्यांची तपासणी झाली, कारण असे जंतू ओल्या जागी टिकून राहतात, आणि नियम आला की हात धुवायच्या बेसिनमध्ये दूध ओतायचं नाही, पंप धुवायचा नाही, काहीच टाकायचं नाही, फक्त हात. सफाईवाल्या मावशींना वेगळं ट्रेनिंग दिलं. माझ्या मते मावशींकडे सगळ्यांनी नीट लक्ष द्यायला हवं, पेटीची कडी, मॉनिटरची बटणं, सलाईनचा स्टँड त्या रोज पुसतात, आणि त्यांचं काम कोणाला दिसत नाही. बाळं जास्त आणि सिस्टर कमी अशी रात्र असली की धोका वाढतो हेही मी बघितलं, एका सिस्टरच्या हाताखाली खूप बाळं असली तर दोन बाळांमध्ये हात रब करायला थांबायचं कसं तिने? हा दोष सिस्टरांचा नाही, माणसं कमी ठेवणाऱ्यांचा आहे.

हात धुण्याचे पाच क्षण जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेत: रुग्णाला हात लावायच्या आधी, नळी-सुईसारख्या निर्जंतुक कामाच्या आधी, रक्त-लघवी-शी वगैरेशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. शेवटचा बहुतेक जण विसरतात. कोणी विसरलं तर सांगायचं कसं, हा प्रश्न प्रत्येक आईबापाला पडतो, आपलं बाळ त्यांच्या हातात असतं ना. मी 'सिस्टर, रब घेऊ का आपण दोघी?' असं म्हणून स्वतः आधी घ्यायचे आणि बाटली त्यांच्याकडे सरकवायचे. कोणीही रागावलं नाही. एक्स-रे काढायला आलेले, दुसऱ्या विभागातून बघायला आलेले डॉक्टर, यांना विचारायला जास्त धीर लागतो, पण विचारा. आमच्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या होत्या, "ताई, तुम्ही विचारत जा, आम्हाला मदतच होते."

कागदपत्रांचं थोडं. इन्फेक्शन झालं की मुक्काम लांबतो आणि बिल कुठल्या कुठे जातं, यात मोठा वाटा वरच्या दर्जाच्या अँटिबायोटिक्सचा, तपासण्यांचा आणि व्हेंटिलेटरच्या दिवसांचा. दर आठवड्याला बिलिंग काउंटरवरून चालू बिल मागून घ्या, एकदम शेवटी बघू नका. इन्शुरन्स असेल तर बाळाचं नाव पॉलिसीत घालायची मुदत असते, ती पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. आमची मुदतवाढीची परवानगी अडकली होती, कंपनीने महागडं औषध का दिलं विचारलं, तेव्हा कल्चरचा आणि औषध लागू पडण्याचा रिपोर्ट, सोबत डॉक्टरांचं पत्र जोडल्यावर सुटलं. त्यासाठी बरेच दिवस या टेबलावरून त्या टेबलावर फिरण्यात गेले. म्हणून प्रत्येक रिपोर्टची प्रत आला त्याच दिवशी मागा, आणि पैसे-कागद बघायला घरातला एक माणूस वेगळा ठेवा, आईवर ते टाकू नका.

ऑगस्टच्या शेवटी औषधं संपली, मग नळीचं दूध, मग वाटी-चमचा, मग अंगावर. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डिस्चार्ज. जायच्या आधी सिस्टरनी आमच्याकडून हात धुवून दाखवून घेतले आणि कधी धावत यायचं ते सांगितलं: दूध ओढत नसेल, अंग गार किंवा गरम, सुस्त, श्वास जोरात किंवा थांबून थांबून, रंग बदललेला. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. घरी पहिले दोन महिने आम्ही भेटायला येणारे अगदी मोजके ठेवले, सर्दी असलेल्या कोणालाही आत घेतलं नाही, पापे घेऊ दिले नाहीत. लोकांना राग येतो. सासूबाईंनी दारात उभं राहून सगळ्यांना समजावलं, मला एकदाही बोलावं लागलं नाही. घरातल्या मोठ्यांनी फ्लूची आणि डांग्या खोकल्याची लस घेतली. बाळाच्या लसी जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या असतात, ती मूळ तारखेला जन्मली असती असं धरून नाही, एखाद-दुसऱ्या लसीला वजनाची अट असते ती डॉक्टर सांगतात.

डोळ्यांची तपासणी एनआयसीयूतच सुरू झाली होती, ती पूर्ण होईपर्यंत चुकवू नका. कानांची तपासणीही तेवढीच महत्त्वाची, कारण जेंटामायसिन, अमिकासिन अशी काही अँटिबायोटिक्स कानावर परिणाम करू शकतात, आणि एनआयसीयूत राहिलेल्या बाळांना तसाही धोका जास्त असतो. आमची ऑक्टोबरमध्ये झाली, बाळ झोपलेलं लागतं म्हणून दूध पाजून नेलं, दोन्ही कान ठीक आले. तिथल्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो कुठलं अँटिबायोटिक किती दिवस दिलं होतं, आणि डिस्चार्ज कार्डावर ते नुसतं 'अँटिबायोटिक्स दिली' एवढंच होतं. आमच्याकडे रोजच्या नोंदींची वही होती म्हणून सांगता आलं. तुम्ही डिस्चार्जच्या दिवशीच औषधांची नावं, तारखा आणि कल्चरचा निकाल कार्डावर लिहून घ्या, नंतर ते मिळवायला पुन्हा अर्ज करावा लागतो.